सॅटर्न ५ अग्निबाण कसा पाहावा

ह्यूस्टन, हंट्सव्हिल आणि फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्र या अमेरिकेतील तीन ठिकाणी माणसाला चंद्रावर नेणारा सॅटर्न ५ अग्निबाण आडवा ठेवलेला आहे. सुमारे १११ मीटरची ती लांबी पाहून थक्क होणे साहजिक असले, तरी केवळ आकार पाहून परतल्यास फारसे काही हाती लागत नाही. प्रत्येक भागापाशी थांबून तो कोणती अडचण सोडवण्यासाठी घडवला गेला, हे विचारत पुढे जावे.

सुरुवात शेपटीकडून करावी आणि अधिकाधिक वेळ तेथेच द्यावा. पहिल्या टप्प्याची पाच एफ-१ इंजिने रॉकेल जातीचे इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळत, आणि प्रत्येक इंजिन सुमारे १५ लाख पौंड रेटा देत असे. एवढ्या मोठ्या ज्वलनकक्षात दाबाच्या लाटा उसळून इंजिन फुटण्याचा धोका होता. त्यावर पुरेसे गणित उपलब्ध नसल्याने अभियंत्यांनी चालू इंजिनात मुद्दाम लहान स्फोट घडवले आणि लाटा आपोआप शमेपर्यंत इंधन फवारणाऱ्या तबकडीची रचना बदलत नेली. सुटे इंजिन मांडलेले असेल, तर त्याच्या तोंडातून आत डोकावून त्या तबकडीवरील धातूच्या आडभिंती अवश्य पाहाव्यात. माझ्या मते संपूर्ण अग्निबाणात याहून बोलका भाग नाही.

दुसऱ्या टप्प्यापाशी वजनाचा विचार करावा. त्यात उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन आणि उणे १८३ अंशांचा द्रव ऑक्सिजन यांच्यामध्ये एकच सामाईक भिंत होती, कारण दोन स्वतंत्र टाक्यांचे वजन परवडणारे नव्हते. तिसऱ्या टप्प्याचे एकमेव जे-२ इंजिन अवकाशात पुन्हा पेटवता येई, आणि त्यामुळेच पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून चंद्राकडे निघणे शक्य झाले. त्यावरील उपकरणांचे कडे, म्हणजे अग्निबाणाला दिशा देणारा संगणक व उपकरणे बसवलेला गोल पट्टा, लोक सहसा ओलांडून जातात. १९६९ मध्ये अपोलो १२ या चांद्रमोहिमेच्या यानावर उड्डाणानंतर लगेच वीज पडली, तेव्हा यानातील यंत्रणा गडबडल्या, पण अग्निबाण या कड्याच्या आधारे मार्गावर राहिला.

यानंतर समोरचा कोणता भाग खरोखर उड्डाणासाठी बांधला होता, हे माहितीफलकावर तपासावे. हंट्सव्हिलचा अग्निबाण जमिनीवरील चाचण्यांसाठी होता, केनेडी केंद्रातील पहिला टप्पाही चाचणीचाच आहे. ह्यूस्टनचे तिन्ही टप्पे मात्र उडण्यासाठी तयार झाले होते, परंतु १९७० मध्ये अखेरच्या चांद्रमोहिमा रद्द झाल्याने ते जमिनीवरच राहिले. १९६७ ते १९७३ या काळात झालेल्या १३ उड्डाणांपैकी शेवटच्या उड्डाणाने स्कायलॅब हे अंतराळस्थानक कक्षेत नेले. सॅटर्न ५ च्या निर्मितीचे प्रमुख वेर्नर फॉन ब्राऊन यांचे नाव फलकांवर ठळक असते. त्यांनी आधी दुसऱ्या महायुद्धात जर्मनीसाठी घडवलेल्या व्ही-२ अस्त्रासाठी छळछावणीतील कैद्यांना राबवले गेले होते, हेही या इतिहासासोबतच वाचावे.

आराखडे नष्ट झाल्याची कथा कोणी सांगितल्यास ती मान्य करू नये, कारण ते मायक्रोफिल्मवर जपलेले आहेत. खरी उणीव कारागिरांनी इंजिनागणिक हाताने केलेल्या, कागदावर न उतरलेल्या फेरफारांची आहे. म्हणूनच नासाच्या अभियंत्यांनी जुने एफ-१ इंजिन सुटे करून त्याचे भाग मोजले आणि २०१३ मध्ये त्याचा वायुजनित्र, म्हणजे इंधनाचे पंप फिरवणारा वायू तयार करणारा भाग, पुन्हा पेटवून पाहिला.