तेरड्याची गौर कशी आणायची आणि नव्या सुनेचा ओवसा

यंदा पहिल्यांदाच सासरच्या गावी गौर आणायची आहे, सासूबाईंना आता सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर, चढवत नाही आणि विचारायचं कोणाला असं झालं असेल तर हे वाचून ठेवा. मी रत्नागिरीकडची, आमच्याकडे तेरड्याची गौर असते. खड्यांच्या गौरीची रीत वेगळी.

दिवस नक्षत्रावर ठरतो, अनुराधावर आणायची, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन, म्हणून तारीख दरवर्षी बदलते. कॅलेंडरमध्ये वेळ दिलेली असते.

आता तेरडा. बाजारात जुडी मिळते, पण जमलं तर स्वतः जाऊन आणा, सड्यावर, बांधावर, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला भाद्रपदात भरपूर असतो. मुळासकट पाहिजे हे लक्षात ठेवा. तेरड्याचं खोड पाण्याने भरलेलं असतं, शेंड्याला धरून ओढलं की पेरापाशी कट्कन मोडतं, त्यामुळे खाली मातीत बोटं घालून बुडाशी धरायचं, जरा हलवायचं आणि मग सरळ वर काढायचं, पाऊस पडून गेल्यावर तर अलगद येतो. माझी पहिली गौर घाटी उतरताना मोडली होती आणि मी रडत परत सड्यावर गेले होते, म्हणून सांगते, चार रोपं जास्तीची घ्या आणि मुळांना ओलं फडकं गुंडाळा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ना, ते तीन दिवस गौरीचेच. सोबत कळलावीची फुलं आणतात, त्यांना आमच्याकडे गौरीचे हात म्हणतात, दिसतात सुंदर पण झाड विषारी आहे, कंद तर जास्तच, लहान पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

पाणवठ्यावर मुळं धुवून हळदकुंकू वाहायचं आणि माहेरवाशिणीने किंवा कुमारिकेने ती जुडी घेऊन न बोलता, मागे न बघता घरी यायचं. दारात भाकरतुकडा ओवाळून टाका, पायांवर पाणी घाला. आत कुंकवाची पावलं काढलेली असतात, त्यावरून जाताना घरातल्यांनी विचारायचं, गौर कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली. मग चूल, तांदळाचा डबा, देवघर, गोठा सगळं तिला दाखवायचं. गोठ्यात आता गुरं नसली तरी दाखवा, आमच्या आजीने कधी चुकवलं नाही. मग मुखवटा, साडी, दागिने. पहिल्या दिवशी नैवेद्य साधा, भाजीभाकरी. पूजनाला गोडाधोडाचं, आणि बऱ्याच घरांत तिखटाचाही नैवेद्य असतो, तेव्हा गणपतीसमोर पडदा ओढतात, तुमच्या घरची रीत काय ते घरातल्या मोठ्यांना विचारूनच करा.

ओवसा म्हणजे सुनेने सुपं भरून गौरीसमोर ओवाळायची आणि मग घरच्यांना द्यायची. तो मात्र दरवर्षी नवा सुरू करता येत नाही, गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच नव्या सुनेचा पहिला ओवसा अशी आमच्याकडची रीत. वरची अनुराधा, ज्येष्ठा ही चंद्राची नक्षत्रं, हे सूर्याचं, म्हणजे पावसाचं नक्षत्र, साधारण ३० ऑगस्ट ते १३ सप्टेंबर. २०२५ मध्ये गौर ३१ ऑगस्टला आली, पूर्वात होती. २०२६ ला चतुर्थीच १४ सप्टेंबरला, म्हणजे गौर उत्तरात, त्यामुळे लग्न झालं असलं तरी थांबावं लागतं, वाईट वाटून घेऊ नका. सुपं बांबूचीच घ्या, आमच्याकडे पाच, त्यांना हळदीचा दोरा गुंडाळून आत हळदीचं पान, त्यावर तांदूळ, नारळ, खण, सुपारी, हळकुंड, खारीक, काकडी, पडवळ, केळी, करंज्या. वर दुसरं सूप झाकून गौरीसमोर पाच वेळा ओवसायचं, मग एकेक सूप सासूसासरे, जाऊ-दीर, माहेरची माणसं यांना द्यायचं आणि पाया पडायचं. सूप घेणारा ओवाळणी घालतो.

मुळावर दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिला हलवा. साडी, मुखवटा काढून ठेवायचा, पाण्यात फक्त तेरडा सोडायचा. येताना नदीतली मूठभर वाळू ओंजळीतून आणा आणि घरात, परसात, तांदळाच्या डब्याभोवती टाका.