८० अर्ज, शून्य कॉल: माझा रेझ्युमे कसा सुधारला

अमेरिकेत मास्टर्सला आले तेव्हा सांगलीत बनवलेला तीन पानी बायोडेटाच सगळीकडे पाठवत होते, त्यात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, खाली सहीसकट 'वरील माहिती खरी आहे', म्हणजे अगदी लग्नाच्या स्थळाला पाठवतात तसा! ८० अर्ज करून एक कॉल नाही.

शेवटी कंटाळून युनिव्हर्सिटीच्या करिअर सेंटरला गेले (फुकट असतं, फीमध्ये धरलेलंच असतं, तरी सहा महिने फिरकले नव्हते). तिथल्या बाईंनी पहिलं पान जवळपास अख्खंच खोडलं. मग साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर या माझ्या बीईच्या प्रोजेक्टवर बोट ठेवून विचारलं, दिवसाला गाड्या किती? म्हटलं सीझनला तीनशेच्या आसपास. म्हणाल्या मग हे लिहिलं का नाहीस! तीच ओळ वर गेली, बाकी सगळं एका पानात बसवलं.

दोन आठवड्यांत दोन इंटरव्ह्यू, एका ठिकाणी समर इंटर्नशिप मिळाली.

मग सीपीटी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिकता शिकता अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी. ऑफर लेटर आल्यावरच अर्ज करता येतो, आणि परवानगीची नोंद असलेला नवा आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो स्टुडंट व्हिसासाठीचा कागद) हातात आल्याशिवाय एक दिवससुद्धा काम करायचं नाही. फुलटाइम सीपीटी १२ महिने भरली तर त्या डिग्रीवरची ओपीटी (मुख्यतः शिक्षण संपल्यावर आपल्या विषयात काही काळ काम करायची परवानगी) जाते, माझा रूममेट्सशी यावर वाद झालेला, शेवटी इंटरनॅशनल ऑफिसला विचारून मिटवला. व्हॉट्सॲप ग्रुपवर याबाबतीत कुणीही काहीही ठोकून देतं.