जुनी विलायती सायकल: गावात कशी शोधायची, कशी पारखायची

जुनी सायकल शोधणारे बहुतेक जण नावाच्या मागे लागतात. रॅले पाहिजे, हंबर पाहिजे. पण गावात साठ-सत्तर वर्षं चाललेल्या सायकलीचं नाव एखाद्या भागावरच उरलेलं असतं, अर्धीअधिक सायकल तालुक्याच्या दुकानातून आलेली असते. त्यामुळे आपण खरं विकत घेतो ती फ्रेम आणि आता कुठेच न मिळणारे चार-पाच भाग. बाकीचं सगळं आजही मिळतं.

आधी काय हवं ते पक्कं करा. २८ × १½ चाकाची, रॉड ब्रेकची उंच सायकल ही एक जात. २६ × १⅜ चाकाची, वायर ब्रेकची, कधी तीन गिअरची ‘स्पोर्ट्स’ ही दुसरी. पांधणीवर, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेवर, चालवायची असेल तर पहिली घ्या. तिची टायर-ट्यूब, ब्रेकचे रॉड, रबराचे गुटके बाजारगावातल्या दुकानात मिळतात. फ्रेम २२ इंची की २४ इंची, हे दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर कळतं. टाचा सपाट टेकत नसतील तर कितीही सुंदर असली तरी सोडा. उंच फ्रेम घेऊन ती भिंतीला टेकवून ठेवणारे फार आहेत.

शोधायची वेळ महत्त्वाची. मे महिन्यात कवेलू फेरताना माळ्यावरचं सामान खाली येतं, आणि दिवाळीच्या सारवण-रंगोटीआधी कोठा रिकामा होतो. या दोन वेळी निम्म्या सायकली भंगारवाल्याकडे जातात. त्याच्या आठ दिवस आधी तुमचा निरोप गावात पोचलेला हवा. ‘विंटेज’ हा शब्द वापरू नका, तो ऐकला की भाव तिप्पट होतो. ‘आजोबाच्या वेळची रॉड ब्रेकची सायकल’ एवढं पुरतं. विचारायचं कोणाला? ज्यांच्याकडे त्या काळी सायकल असायची त्यांच्या घरी: पोस्टमन, मास्तर, पटवारी, जिनिंगचे मुनीम, रेल्वेचे कामगार. पूर्व विदर्भात मालगुजारांचे वाडे, वऱ्हाडात देशमुख-पाटलांचे. पण सगळ्यात मोठा आधार म्हणजे बाजारगावचा म्हातारा सायकल मिस्त्री. कोणत्या घरी कोणती सायकल आहे आणि तिचे छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) शेवटचे कधी बदलले, हे त्याला पाठ असतं. टायर-ट्यूब त्याच्याकडूनच घ्या, नंबर ठेवून या आणि हवा असलेला कंपनीचा बिल्ला कसा दिसतो त्याचा फोटो दाखवून ठेवा.

ओळख पटवताना हँडलखालच्या बिल्ल्यावर भरवसा ठेवू नका. दोन रिव्हेटचा तुकडा आहे, कुठूनही काढून कुठेही बसतो. आधी पायडलजवळच्या चेनचक्राचा नक्षा पाहा. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी असतात, हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या, बीएसएच्या चक्रात तीच तीन इंग्रजी अक्षरं. हंबरचा आणखी एक पुरावा म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा (फोर्क): काही मॉडेलांत प्रत्येक बाजूला दोन-दोन बारीक नळ्या असतात, आणि तसा चिमटा बनावट करणं कोणाला परवडत नाही. मग बिल्ल्यावरचं गाव वाचा. नॉटिंगहॅम लिहिलं असेल तर इंग्लंडची, आसनसोल असेल तर भारतात बनलेली सेन-रॅले. हर्क्युलिस मूळची बर्मिंगहॅमची, पण १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टीआय सायकल्सने मद्रासजवळ तिचा कारखाना काढला, म्हणून नुसतं ‘हर्क्युलिस’ पाहून विलायती समजू नका. भारतात बनलेल्या या सायकलीही जपण्याजोग्या आहेत, फक्त भाव त्यांच्याप्रमाणे द्या.

मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचं नाव आणि ‘५२’ व ‘६’ असे आकडे दिसले तर तो हब जून १९५२ चा. यातून फक्त हबचं वय कळतं, चाक बदललेलं असू शकतं. तारांची भोकंही मोजा: पुढे ३२, मागे ४० ही जुनी ब्रिटिश पद्धत. आपल्याकडच्या सायकलींनीही तीच उचलली, म्हणून भोकं जुळली तरी फक्त चाकं जोडीची आहेत एवढंच ठरतं. क्रोमच्या जागी पिवळट झाक असलेलं निकेल दिसलं तर सायकल बहुधा १९३० च्या आसपासची किंवा आधीची. जिथे चमक असायला हवी तिथे मूळचाच काळा रंग असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली असू शकते. ती खराब समजून घासून काढू नका.

आता फ्रेम. यात घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. एक बारीक सुतळी मागच्या एका फोर्क-टोकापासून (जिथे चाकाचा आस बसतो) हँडलखालच्या हेडच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन मिलिमीटरपर्यंत फरक चालतो, जास्त असेल तर फ्रेम वाकडी आहे. मग हेडला जोडलेल्या दोन्ही नळ्यांच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. तिथे सुरकुती किंवा फुगवटा लागला तर समोरून धडक बसलेली आहे. चिमटा बाजूने पाहा: त्याचा वरचा भाग हेडच्या नळीच्या रेषेत असला पाहिजे. मागे दबला असेल तर चाक खालच्या नळीजवळ आलेलं दिसतं. दुधाचे कॅन वाहिलेल्या सायकलीच्या मागच्या टोकांना भेगा पडतात, कॅरिअरसाठी वेल्डिंगही केलेलं असतं. वेल्डिंगचा डाग दिसला की किंमत पाडा, लगवरच (नळ्या जोडणाऱ्या लोखंडी बाहीवर) वेल्डिंग असेल तर परत फिरा.

गंज कुठून येतो ते गावागणिक बदलतं. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुतलेली सायकल आतून जाते, भंडारा-गोंदियाकडे धानपट्ट्याची ओल खाते, आणि कुठल्याही कोठ्यात गुरांच्या मुताने खालचा अर्धा भाग गळतो. सीट काढून ठेवलेली असेल तर पावसाचं पाणी नळीतून थेट क्रँकच्या डब्यात, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या नळीत, उतरतं. डब्याच्या तळाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका, बसका आवाज आला तर पत्रा पातळ झालाय. रिमची आतली बाजू तारांच्या भोकांजवळ टोकाने दाबून पाहा.

न मिळणारे भाग मोजा: मूळ चेनचक्र, चिमटा, हब, बिल्ला, ब्रूक्सची कातडी सीट. सीटचं कातडं रिव्हेटपाशी फाटलं असेल तर ते सांधत नाही. अख्खं असेल तर तेलात भिजवू नका, ते लोंबतं. मेणाचं मलम चोळा आणि पुढचा नट एका वेळी पाव आटा फिरवा. नगरपालिकेच्या सायकल-कराचा जुना टोकन लावलेला असेल तर तोही सायकलीसोबतच ठेवा.

सायकलीला आरटीओची नोंद नसते. म्हणून साध्या कागदावर पावती लिहून घ्या: विकणाऱ्याचं नाव, तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, सही, शक्यतो एक साक्षीदार. रॅलेचा नंबर बहुधा सीटखालच्या लगवर किंवा मागच्या टोकावर असतो. वरचा मळ ओल्या फडक्याने पुसून तो वाचा. नंबर घासलेला दिसला तर घेऊ नका.

घरी आणल्यावर पहिली चूक होते ती रंगात. थिनर लावला की सोनेरी रेघा आणि अक्षरं पुसली जातात, ती परत येत नाहीत. आधी सौम्य साबणाच्या पाण्याचं सुती फडकं कोपऱ्यात लावून पाहा. सुटे लोखंडी भाग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत घालून चार-पाच तास ठेवा, मधूनमधून पाहत राहा, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा. छर्रे आणि स्प्रिंगा त्यात टाकू नका.

क्रँक आसाला पक्की धरणारी कॉटर पिन काढताना क्रँकखाली जाड पाइपचा टेकू द्या, नट पिनच्या टोकाबरोबर आणा आणि एकच जोरदार घाव घाला. टेकू नसेल तर घाव थेट छर्ऱ्यांवर बसतो, आणि हलक्या हाताने दहादा ठोकलं तर पिन वाकते. अडकलेल्या सीटपोस्टला दोन-तीन दिवस तेल पाजा. पाइप लावून पाना फिरवला तर लग चिरते. क्रँकच्या डब्यातली उजवीकडची पक्की वाटी (जिच्यात छर्रे फिरतात) आणि डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे विसरून ताकद लावली की आटे जातात.

रॅलेचे हेड आणि क्रँकच्या डब्याचे आटे इंचाला २६, इतर बहुतेक सायकलींचे २४. दुकानातली वाटी जबरदस्तीने बसवली तर डबा कायमचा बिघडतो, म्हणून जुन्या वाट्या कितीही घासलेल्या असल्या तरी फेकू नका. क्रँकचे छर्रे पाव इंची, दर बाजूला ११. पुढच्या हबचे ३/१६ इंची, दर बाजूला १०. जुने-नवे एकत्र घालू नका, सगळा संच बदला. तीन गिअरच्या हबमध्ये ग्रीस भरू नका, भोकातून पातळ मशीन तेलाचे काही थेंब सोडा. लिव्हर मधल्या गिअरवर ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहा: गिअरच्या बारीक साखळीला जोडलेल्या काडीची कड आसाच्या टोकाशी सपाट यायला हवी. तशी नसेल तर वायर घट्ट किंवा सैल करा, नाहीतर चढावर जोर लावताना पायडल रिकामं फिरतं.