जुन्या साडीची योगचटई: शिवण्यापासून आसनांपर्यंत

सकाळची आसने झाल्यावर खोली झाडताना केरात निळे बारीक कण दिसू लागले, तेव्हा ते कोठून येतात हे कळायला मला दोन-तीन दिवस लागले. पाच वर्षे वापरलेली माझी मॅट टाचा टेकतात त्या जागी सोलवटली होती आणि तिचा भुगा तळपायांना चिकटून घरभर फिरत होता. त्या मॅटच्या जागी मी आईच्या जुन्या सुती साडीची चटई शिवली. ती कशी शिवावी आणि तिच्यावर आसने करताना काय सांभाळावे, हे येथे सविस्तर सांगत आहे.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मॅट बहुतेक पीव्हीसीच्या असतात. मुळात कडक असलेले हे प्लास्टिक मऊ पडावे म्हणून त्यात इतर रसायने मिसळलेली असतात, त्यामुळे ते पुन्हा वितळवून वापरणे अवघड जाते आणि भंगारवालाही अशी मॅट सहसा घेत नाही. ती जाळणे तर पूर्णपणे टाळावे, कारण पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात. तरीही आपली मॅट अजून धड असेल तर ती फेकून नवी ‘पर्यावरणपूरक’ मॅट मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जी वस्तू आधीच घरात आली आहे, ती झिजेपर्यंत वापरावी. यमांमध्ये, म्हणजे योगाच्या आचारनियमांमध्ये, पतंजलींनी अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त साठा न करणे) सांगितला आहे, तो नव्या खरेदीच्या बाबतीतही पाळता येतो. सोलवटलेली मॅट कापून कपाटाच्या पायांखाली किंवा माळ्यावर सामानाखाली घालावी; तेथे तिचा भुगा कोणाच्या पायाला लागत नाही.

चटईसाठी साडी निवडताना ती खरोखर सुती आहे ना, हे आधी तपासावे. पदराचा एक धागा ओढून चिमट्यात धरावा आणि जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते; पॉलिस्टरचा धागा वितळून आकसतो आणि टोकाला कडक मणी उरतो. अशी साडी म्हणजे प्लास्टिकच, हे लक्षात ठेवावे. शिवण्याच्या दोऱ्याचीही हीच परीक्षा घ्यावी, कारण आजकालची बरीच रिळे पॉलिस्टरची असतात. काठाला जरतार असल्यास ती उसवून काढावी, नाहीतर ती तळपायाला टोचते.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते आणि तिचा पन्हा सुमारे 115 सेंटिमीटर असतो. हे माप योगचटईसाठी अगदी जमून येते. साडीचे लांबीत तीन सारखे भाग कापले की प्रत्येक भाग सुमारे सहा फुटांचा होतो, आणि तो पन्ह्यात मधोमध दुमडला की रुंदी दोन फुटांहून किंचित कमी भरते. तीन भागांचे मिळून सहा थर होतात आणि अंगाला बेताची गादी मिळते. दुमडल्यावर दोन्ही काठ एकाच बाजूला येतात, म्हणून दुसऱ्या भागाचे काठ विरुद्ध बाजूला ठेवावेत. तसे केले नाही तर चटईची एक कड जाड होते आणि त्यावर उभे राहिल्यावर घोटा कलतो. माझ्या पहिल्या चटईत ही चूक झाली होती आणि मला सगळी शिवण उसवावी लागली. नऊवारी असेल तर चार भागांचे आठ थर होऊन वर जवळजवळ तीन फूट कापड उरते. त्याच्या वीतभर रुंदीच्या पट्ट्या टोकाला टोक जोडून दुहेरी शिवल्या की आसनांसाठी लागणारा पट्टाही तयार होतो.

थर एकावर एक सपाट पसरावेत, चारी बाजू टाचून घ्याव्यात आणि मग गोधडीला घालतो तसा धावदोरा मधल्या रेषेपासून सुरू करून कडांकडे न्यावा. कडेपासून सुरुवात केली तर आतले कापड मध्ये गोळा होते आणि सुरकुती कायमची राहते. ओळींमध्ये दोन बोटांचे अंतर पुरे होते. शिवून झाल्यावर चटई वापरण्याआधी दोन वेळा धुवावी, त्यामुळे टाके बसतात आणि कापडाची खळ निघून गेल्याने त्याचा बुळबुळीतपणाही जातो.

ज्यांना शिवणे शक्य नाही, त्यांनी सुती सतरंजी किंवा घोंगडी घ्यावी. घोंगडी विणताना ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे नवी घोंगडी कडक आणि टोचरी लागते, पण वापराने ती मऊ होत जाते. रस्त्यावर विकायला येणाऱ्या रंगीत ‘चटया’ मात्र नीट पाहून घ्याव्यात. त्यांतील बऱ्याचशा गवताच्या दिसल्या तरी प्लास्टिकच्या नळ्यांपासून विणलेल्या असतात.

गीतेच्या सहाव्या अध्यायात कुश (दर्भ), अजिन (मृगचर्म) आणि वस्त्र अशा थरांचे आसन सांगितले आहे. ते ध्यानाला स्थिर बसण्यासाठी आहे, आणि बसण्यासाठी कापडाइतके सुखद दुसरे काही नाही. पाय फाकवून उभे राहण्याच्या आसनांत मात्र कापड घसरते, ही खरी अडचण आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. गुळगुळीत टाइलवर चटईच्या चारी कोपऱ्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठेवावेत. ते पुन्हा पुन्हा सरकत असतील तर चपला दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून घ्यावेत. शहाबादी फरशीवर हा त्रास बराच कमी होतो. सूर्यनमस्कारात पाय मागे टाकताना धक्का बसून अख्खी चटई सरकू शकते, म्हणून सूर्यनमस्कार कोरड्या, स्वच्छ फरशीवरच घालावेत.

आसने रिकाम्या पोटी, जेवणानंतर किमान तीन-चार तासांनी करावीत. उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया किंवा मणक्याचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांना आणि जाणत्या शिक्षकांना विचारूनच सुरुवात करावी. ताडासन आणि वृक्षासन यांना चटईची गरजच नाही. फरशीवर अनवाणी उभे राहिले की अंगठ्याचा मूळभाग, करंगळीचा मूळभाग आणि टाच यांवर वजन कसे पडते, हे स्पष्ट जाणवते. गुबगुबीत मॅटवर ते कळत नाही आणि तोलही लवकर जातो. वृक्षासनात वर घेतलेला तळवा मांडीच्या आतल्या बाजूस किंवा पोटरीवर टेकवावा, गुडघ्यावर कधीही दाब देऊ नये. त्रिकोणासन करताना मागच्या पायाची टाच भिंतीला लावावी. ती भिंत पायाला घसरू देत नाही आणि मांडीचा स्नायू वर ओढला गेला आहे की नाही, हेही सांगते.

अधोमुख श्वानासनात कापडाचा गुण सर्वांत चांगला कळतो. हात आणि पाय चटईला विरुद्ध दिशांनी ताणत असल्याने चटई सहसा जागची हलत नाही. घसरतात ते तळवे. त्यासाठी तळवे ओल्या पंचाला किंचित पुसून घ्यावेत, कारण दमट सुती कापडावर हात चांगले धरतात. दोन्ही टाचा भिंतीच्या तळाशी टेकवाव्यात, बोटे पसरावीत आणि तळहात जमिनीत दाबून कंबर वर-मागे न्यावी. एवढे करूनही हात पुढे जात असतील, तर वजन खांद्यांवर साचले आहे असे समजावे. अशा वेळी गुडघे थोडे वाकवून कंबर आणखी मागे न्यावी. चिकट मॅटवर मांड्या सैल ठेवूनही हे आसन दिसायला बरे दिसते, पण कापडावर तसे निभत नाही. पायांनी खरोखर काम करावे लागते, आणि कापडी चटईवरचा अभ्यास मला अधिक प्रामाणिक वाटतो तो याच कारणाने.

पश्चिमोत्तानासनासाठी चटईच्या कडेला एक जाड घडी घालून त्यावर बसावे, तळपायांभोवती पट्टा किंवा पंचा अडकवून दोन्ही टोके धरावीत आणि पाठ गोल न करता छाती पुढे न्यावी. डोके गुडघ्याला लागलेच पाहिजे, हा हट्ट धरू नये. भुजंगासनात बेंबी जमिनीवर राहील इतपतच वर यावे. कोपर किंचित वाकलेले आणि खांदे कानांपासून दूर असावेत. सेतुबंधासनात कमरेखाली लोड सरकवून एक-दोन मिनिटे राहिल्यास पाठीला आराम पडतो.

फोमचे ठोकळे आणि नायलॉनचे पट्टे विकत घेण्याची गरज नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी साधनांच्या आधाराने आसने शिकवण्याची जी पद्धत घडवली, तिच्यात लाकडी ठोकळे, दोर, खुर्च्या, लोड आणि घडी केलेल्या घोंगड्या होत्या. आपल्याकडे जुन्या कापडात घट्ट गुंडाळून शिवलेल्या दोन विटा ठोकळ्याचे काम चोख करतात, आणि जेवायला बसण्याचा पाट, लोड, गोधडी हे बहुतेक घरांत असतेच.

अभ्यासाच्या आगेमागे आणखी थोडे प्लास्टिक डोकावते. पाणी तांब्यात किंवा स्टीलच्या बाटलीत न्यावे. तांब्याच्या भांड्यात लिंबूपाणी मात्र भरू नये, कारण आंबट पदार्थांत तांबे उतरते. जलनेतीसाठी, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्यासाठी, पितळी किंवा स्टीलचे नेतीपात्र घ्यावे आणि पाणी उकळून, कोमट करून, मीठ घालूनच वापरावे. वर्गानंतर शहाळे घेतले तर नळीविना थेट तोंडाला लावून प्यावे. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नये, लोंबता ठेवावा. तो इवलासा तुकडा वेगळा झाला की कोणी वेचत नाही आणि गटारात जातो. 26 जुलै 2005 च्या महापुरात तुंबलेली गटारे मुंबईकरांनी पाहिली आहेत. राज्यात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आली, तिची अंमलबजावणी 23 जूनला, म्हणजे योगदिनानंतर दोनच दिवसांनी सुरू झाली. आपल्या सोसायटीत 21 जूनचा कार्यक्रम ठरेल तेव्हा प्रत्येकाने घरून सतरंजी आणि पाण्याचा तांब्या आणावा, असे सूचनेतच लिहावे. पाण्याच्या बाटल्यांचे खोके मागवण्याचा प्रश्न मग उरत नाही.

चटई आठवड्यातून एकदा रिठ्याच्या पाण्याने किंवा साध्या साबणाने धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. पावसाळ्यात सहा थरांना सुकायला दोन-दोन दिवस लागतात आणि दमट चटई गुंडाळून ठेवली तर तिला कुबट वास येतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात नुसती सतरंजी वापरावी आणि शिवलेली चटई श्रावणातल्या उन्हाच्या एखाद्या तिरिपेत दोरीवर टाकावी. दीड-दोन वर्षांत टाचांखालचा थर विरतो. तेथे त्याच साडीच्या काठाचा तुकडा ठिगळ म्हणून लावावा; माझ्या चटईला सध्या अशी दोन ठिगळे आहेत.