परदेशी ग्राहक दिवाळखोरीत गेला तर या चुका टाळा

परदेशातल्या ग्राहकाने दिवाळखोरीचा अर्ज केल्याची मेल आली की बरेच निर्यातदार पैसे बुडाले असे धरून गप्प बसतात, नाहीतर इथल्याच कोर्टात केस टाकायला निघतात. तेवढ्यात तिथे दावा नोंदवायची मुदत निघून जाते.

सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे एका देशातली स्थगिती, म्हणजे वसुलीच्या कारवाया थांबवणारा कोर्टाचा आदेश, जगभर चालते ही. जेट एअरवेजचे प्रकरण नीट पाहा. एप्रिल 2019 मध्ये कंपनीचे बोइंग 777 अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर थकबाकीपोटी अडकवले गेले. मे महिन्यात डच कोर्टाने कंपनीला दिवाळखोर ठरवून ट्रस्टी, म्हणजे मालमत्ता सांभाळणारा प्रशासक, नेमला. 20 जूनला मुंबईच्या एनसीएलटीने (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने) इथली प्रक्रिया सुरू केली आणि डच आदेश मानायला नकार दिला. आपल्या दिवाळखोरी संहितेची कलमे 234 आणि 235 दुसऱ्या देशांशी होणाऱ्या करारांवर बेतलेली आहेत, आणि तसा करारच झालेला नव्हता. कंपनी एक, प्रशासक दोन, विमान तिथे आणि कर्ज देणाऱ्या मुख्य बँका इथे! सप्टेंबरमध्ये एनसीएलएटीने, म्हणजे वरच्या अपील न्यायाधिकरणाने, दोन्ही बाजूंमधला सहकार्याचा मसुदा मान्य केला: मुख्य प्रक्रिया भारतातली, डच ट्रस्टीने कर्जदात्यांच्या समितीत बसावे, पण मत देऊ नये. असा तोडगा प्रत्येक प्रकरणात निघेलच असे नाही. म्हणून ग्राहकाची मालमत्ता कोणकोणत्या देशांत आहे आणि तिथल्या कोर्टाकडे प्रशासकाने आपल्या प्रक्रियेला मान्यता मागितली आहे का, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा.

‘अनसिट्रालचा कायदा आहे ना’ असेही ऐकू येते. अनसिट्राल ही संयुक्त राष्ट्रांची व्यापार कायद्याविषयीची संस्था; अनेक देशांत पसरलेल्या दिवाळखोरीसाठीचा तिचा 1997 चा आदर्श कायदा म्हणजे नमुना आहे, सर्वांना बांधणारा करार नव्हे. अमेरिकेने तो 2005 मध्ये आपल्या दिवाळखोरी कायद्यात चॅप्टर 15 म्हणून घेतला, ब्रिटनने 2006 मध्ये, सिंगापूरने 2017 मध्ये, आणि घेताना आपापले बदल केले. ग्राहकाच्या देशाने तो घेतला आहे का आणि कोणत्या रूपात, हे तिथल्या वकिलाकडूनच कळेल.

नोंदणीच्या पत्त्यावर भिस्त ठेवू नका. बेअर स्टर्न्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेचे दोन फंड केमन बेटांवर नोंदलेले होते, पण कारभार न्यूयॉर्कमधून चालायचा. 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी कोर्टाने केमनमधल्या प्रक्रियेला मान्यताच दिली नाही. मान्यता देताना कोर्ट कारभाराचे खरे केंद्र शोधते: निर्णय कुठे होतात, बाहेरच्या येणेकऱ्यांना कंपनी कुठली वाटते. नोंदणीचे ठिकाण हेच केंद्र असे आधी गृहीत धरले जाते, पण पुराव्याने ते खोडता येते. ग्राहकाशी झालेली पत्रे, ऑर्डरवरचा पत्ता, पैसे कोणत्या बँकेतून आले याची नोंद जपून ठेवा.

आता एक नाजूक मुद्दा, ज्याकडे माझ्या मते सर्वांत कमी लक्ष दिले जाते. परदेशात दावा नोंदवणे म्हणजे त्या कोर्टाच्या कक्षेत स्वतःहून जाणे ठरू शकते. न्यू कॅप या ऑस्ट्रेलियन विमा कंपनीच्या प्रकरणात 2012 मध्ये ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले. लंडनच्या लॉइड्स विमा बाजारातल्या एका सिंडिकेटने (विमा उतरवणाऱ्या गटाने) दावे नोंदवले होते, म्हणून आधी मिळालेले पैसे परत करण्याचा ऑस्ट्रेलियन निकालही तिच्यावर बंधनकारक ठरला. याचा अर्थ दावा नोंदवूच नये असा नाही. गेल्या काही महिन्यांत त्या ग्राहकाकडून मोठी रक्कम आली असेल, तर नोंदवण्याआधी वकिलाला विचारा, एवढेच.

उलटही घडते. करार इंग्लिश कायद्याखाली असेल, तर गिब्ज या 1890 च्या इंग्लिश कोर्टाच्या निकालामुळे परदेशातल्या कर्ज-पुनर्रचनेने ते कर्ज इंग्लंडमध्ये माफ होत नाही. इंटरनॅशनल बँक ऑफ अझरबैजानच्या प्रकरणात 2018 मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने तो नियम कायम ठेवला. पण धनकोने परदेशी प्रक्रियेत भाग घेतला की हे संरक्षण हातचे जाऊ शकते. तेव्हा दाव्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी करारातले ‘लागू कायदा’ हे कलम उघडून वाचा.