जठराच्या ऑपरेशनआधी: रक्ताच्या रिपोर्टांची तयारी

जुन्नर, भोर, बारामतीकडून पेशंटला घेऊन जठराच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी पुण्यात सर्जनला दाखवायला येणार असाल, तर कपड्यांची बॅग नंतर भरा, आधी फाइल लावा. रक्ताचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे, नवा वर. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं त्या दिवसाचं वजन लिहा, आणि तेव्हा ताप, खोकला, दाताचा गळू किंवा सलाईन असं काही चालू होतं का तेही.

हे लिहायचं ते मुख्यतः अल्ब्युमिनसाठी. यकृतात तयार होणारं हे प्रथिन साधारण 3.5 ते 5 ग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. ते कमी असलेल्यांना ऑपरेशननंतर त्रास जास्त होतो आणि पुढची वाटही अवघड जाते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. आकडा खाली आला की घरात ‘जेवण कमी पडलं’ म्हणत खापर स्वयंपाक करणारीवर फुटतं. ते निम्मंच खरं. जंतुसंसर्गानं किंवा खुद्द गाठीमुळे अंगात दाह असला, की अल्ब्युमिन उतरतं आणि सीआरपी, म्हणजे दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन, चढतं. म्हणून दोन्ही तपासण्या एकाच वेळी, एकाच लॅबमध्ये करा. सीआरपी 10 मिलीग्रॅम प्रति लिटरच्या वर आणि अल्ब्युमिन 3.5 च्या खाली, याच जोडीवर कॅन्सरच्या पेशंटची पुढची वाट कशी जाईल याचा अंदाज देणारा ग्लासगो स्कोअर बेतलेला आहे. सीआरपीचं एकक मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: लिटर आणि डेसिलिटर यांत दहापट फरक पडतो.

सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट सोबत हवाच. ओनोडेरा या जपानी सर्जननं 1984 मध्ये पोषणावरून ऑपरेशनचा धोका जोखायला मांडलेलं गणित घरीही जमतं: अल्ब्युमिन गुणिले 10, अधिक लिम्फोसाइटची (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) संख्या गुणिले 0.005. पांढऱ्या पेशी 7,000 आणि लिम्फोसाइट 20 टक्के, म्हणजे संख्या 1,400, अल्ब्युमिन 3.2 असेल तर उत्तर 39. चाळीसच्या खाली त्यानं धोक्याची खूण केली होती. पण ही काही जन्मपत्रिका नव्हे. सर्जनला विचारण्याचा प्रश्न त्यातून मिळतो, एवढाच उपयोग.

आठवडाभर अंडी खाऊनही अल्ब्युमिन हललं नाही तर हिरमुसू नका. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं निम्मं संपायला लागणारा काळ, जवळजवळ तीन आठवड्यांचं. प्रीअल्ब्युमिन या यकृतातल्याच दुसऱ्या प्रथिनाचं दोन दिवसांचं, म्हणून काही डॉक्टर तेही बघतात, पण दाहानं तेही उतरतंच. अल्ब्युमिनच्या महागड्या बाटलीसाठी मेडिकलमध्ये धावाधाव करण्याआधी ती कशासाठी हवी ते विचारा. तिनं रिपोर्टातला आकडा सुधारतो, पोषण नाही. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर पोषणासाठी ऑपरेशन आठवडा-दोन आठवडे पुढे ढकलतात. त्यावरून डॉक्टरांशी वाद घालू नका. आहारतज्ज्ञांची वेळ घ्या.

सीईए आणि सीए 19-9 या कॅन्सरची खूण दाखवणाऱ्या रक्ततपासण्या ऑपरेशनआधी एकदा करून ठेवतात, नंतर तुलना करता यावी म्हणून. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत सीईए थोडं जास्त असतं, काविळीत सीए 19-9 चढतं. विडी-सिगारेट आणि कावीळ, दोन्हीची नोंद द्या. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार वेगळ्या पाकिटात.

ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी चढलेलं दिसेल. कापाकापीनं ते चढतंच. पुढे उतरायला लागलं का, हे राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारा. उतरायचं सोडून पुन्हा चढलं, तर टाक्यांच्या जोडातून गळती किंवा जंतुसंसर्ग नाही ना, हे ते तपासतात.