सहा गठ्ठे घाला, मग कळेल ॲडमिनमधे तुमचं डोकं कसं चालतं

साहेब जिना उतरता उतरता म्हणतात "ते जरा बघून घ्या", आणि पुढचं सगळं आपल्यावर. तेव्हा पहिल्यांदा तुम्ही काय करता ते एकदा स्वतःचं स्वतः पकडा.

आमच्याकडचं सांगते. चाकणला कंपनीत 14 वर्षं ॲडमिन बघतेय. क्लायंट यायला 10 मिनिटं आणि कॉन्फरन्स रूमचा एसी बंद. एकीने एएमसीची, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या कराराची, फाइल काढून कंप्लेंट नंबर टाकला. दुसऱ्याने थेट टेक्निशियनला फोन, "दादा कुठंयस, चहा पाजतो, ये ना पटकन". आणि तिसरी शांत बसलेली, कारण तिने सकाळीच वरची छोटी रूम पुसून ठेवली होती, म्हणे समजा बंद पडला तर. म्हणजे यादीवाले, माणूसवाले आणि समजावाले. प्रत्येकात तिन्ही थोडं थोडं असतं, पण घाई झाली की एकच वर येतं.

आता आपण कोण हे ओळखायला ऑनलाइन टेस्ट वगैरे देत बसू नका, तिथं सगळेच आपण फार नीटनेटके आहोत असं टिक करून येतात. सहा गठ्ठे घाला. माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ही सहा गठ्ठा पद्धत जुनी आहे, मी तीच आउटलुकमधे फोल्डर करून बसवली. पहिला चालू कामं. दुसरा प्रतीक्षाधीन, म्हणजे आपण आपलं केलंय, आता चेंडू दुसऱ्याकडे आहे. तिसरा नियतकालिक, म्हणजे ठरल्या तारखेला येणारी कामं, टीडीएस 7 तारखेला, पीएफ 15 ला असं. चौथा स्थायी आदेश, नियम आणि सर्क्युलर. पाचवा रेकॉर्ड रूमला पाठवायचं, सहावा नष्ट करायचं. आठवडाभर प्रत्येक मेल, प्रत्येक व्हॉट्सॲपवरचं काम यातल्या एकात टाकायचंच, "नंतर बघू" नावाचा सातवा फोल्डर काढायचा नाही.

आठवड्यानंतर भरलेले गठ्ठे बघू नका, रिकामा कुठला राहिला ते बघा.

यादीवाल्यांचा दुसरा रिकामा असतो. मेल टाकला, टिक मारली, काम संपलं. मी ह्यातलीच. फायर एक्स्टिंग्विशर रिफिलिंगचा मेल व्हेंडरला टाकला आणि निवांत झाले, दोन महिन्यांनी ऑडिटर जिन्यातल्या सिलिंडरचा टॅग हातात उलटा करून वाचतोय आणि तारीख कधीच उलटून गेलेली, त्या दिवशी मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक कामावर तीन गोष्टी लिहिते: कोणाकडे आहे, कधीपासून आहे, परत कधी विचारायचं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ती तारीख सरळ कॅलेंडरलाच टाकायची. ते अर्जंट-इम्पॉर्टंटचं चार खणांचं कोष्टक ट्रेनिंगमधे सगळे शिकवतात, पण त्यात ह्या वाट बघण्याला खणच नाही, आणि आपलं अर्धं काम तर तेच!

माणूसवाल्यांचा चौथा रिकामा. सगळं डोक्यात नाहीतर फोनमधे. हे लोक सुट्टीवर गेले की पाणीवाल्याचा नंबरसुद्धा कुणाला सापडत नाही. त्यांनी लिहायला बसायचं नाही, ते होणार नाही त्यांच्याच्याने. काम करता करता व्हॉइस टायपिंगने बोलून ठेवायचं, "कॅब बुकिंगला आधी अमुक विचारायचं", अशा चार ओळी पुरतात. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं त्याची नोंद, आता एआय बरे काढतं, पण साहेबांचं "बघू" म्हणजे नाही, हे त्याला कळत नाही, माणूसवाल्याला कळतं. म्हणून मिनिट्स पाठवायच्या आधी त्याच्या नजरेखालून घालायचे.

समजावाल्यांचा सहावा रिकामा. काहीच फेकत नाहीत. आमच्या तिसरीच्या कपाटात 2014 च्या कुरिअरच्या पावत्या निघाल्या, रबरबँड वितळून कागदाला चिकटलेला. सरकारी कचेरीत कागदाला अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अ कायम ठेवायचा, ड वर्षभराने काढायचा. तसं फाइल उघडतानाच कव्हरवर लिहा, कारण बंद करताना समजावाल्याला प्रत्येक कागद लागणारच असतो. फक्त हिशोबाचं काही असेल तर हात लावू नका, कंपनी कायद्याने हिशोबाची पुस्तकं आणि त्यांची व्हाउचरं 8 आर्थिक वर्षं ठेवावी लागतात, आधी अकाउंट्सला विचारा आणि त्यांचा होकार मेलवर घ्या. (तो मेल कुठल्या गठ्ठ्यात जातो यावरून आमच्यात अजून वाद चालूय.)